उभ्या पाइपावरचे तीन ठोके

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही माझी पाठ थोपटायला लागाल, आणि ते आता मला सहन होत नाही.

गोष्ट अशी. जानेवारीतल्या एका शनिवारी दोन-बीमधली म्हातारी स्वयंपाकघरात पडली. तिने वाफेच्या पाइपावर ठोकून मदत मागितली. खाली तळघरात काम करणाऱ्या, बिल्डिंगची डागडुजी बघणाऱ्या सुपरने, म्हणजे मी, या झेफने, तीन ठोके मारून तिला उत्तर दिलं. ‘ऐकलंय, धीर धर.’ त्या तीन ठोक्यांवर म्हातारीने दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरला. भाडेकरूंच्या सभेत हे सांगितलं गेलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चार-सीमधली बाई तर रडली.

ठोके मी मारले होते. खरं आहे ते तेवढंच.

ब्राँक्समधल्या या सहा मजली बिल्डिंगचा मी एकोणीस वर्षं सुपर आहे. पेल्हॅम पार्कवेच्या आसपास निम्म्या बिल्डिंगांचे सुपर आमचेच, अल्बेनियन. एकाचा बॉयलर बसला की दुसरा पाना घेऊन धावत येतो, आणि येताना शिव्याही घेऊन येतो. माझी बायको द्राने म्हणते, ‘तुम्हा लोकांना देवळापेक्षा तळघर प्यारं.’ बरोबरच आहे तिचं. देवळात काही गळत नाही.

आमचे पाइप बिल्डिंगइतकेच म्हातारे, नव्वदी ओलांडलेले. वाफ ज्या पाइपातून वर जाते, तिचं पाणी होऊन त्याच पाइपातून खाली येतं, आणि तळघरातल्या परतीच्या पाइपातून पुन्हा बॉयलरमध्ये जातं. त्यासाठी पाइपाला उतार लागतो. सहा वर्षांपूर्वी तळघरातल्या मोठ्या पाइपाला टांगून धरणारा एक लोखंडी पट्टा तुटला आणि पाइप दोन बोटं खाली बसला. त्या खोलगटात पाणी साचायचं, वाफ त्याच्यावर आपटायची, आणि बी लाइनच्या, म्हणजे एकावर एक असलेल्या सहाही घरांत कोणीतरी हातोडा मारावा तसा आवाज व्हायचा. पट्टा बसवायला अर्धा तास पुरला असता. मी सहा वर्षं ‘या आठवड्यात बसवतो’ म्हणत होतो. लोक तक्रार करायला आले की मी एकच उत्तर द्यायचो, ‘जुने पाइप आहेत, ठोकणारच. सवय करून घ्या.’ आणि लोकांनी, बिचाऱ्यांनी, खरंच सवय करून घेतली.

दुसरे ठोके माणसांचे. घर गार पडलं की लोक फोन करत नाहीत, पाइपावर ठोकतात. चमच्याने, झाकणाने, चपलेच्या टाचेने. आवाज सरळ माझ्या डोक्यावर उतरतो. या कलेत पाच-बीमधल्या मिस्टर लिपकिनचा हात धरणारा कोणी नाही. बूट चढवायची एक पितळी पट्टी त्यांनी खास त्यासाठी खिडकीत ठेवली आहे. बाहेर दोन अंश उतरले की यांची तालीम सुरू.

आणि आणखी एक. हे उभे पाइप ज्या भोकांतून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात, ती भोकं पाइपापेक्षा मोठी आहेत. बॉयलर बंद असला की तळघरात वरची बोलणी ऐकू येतात. एक-बीमधल्या नवराबायकोची भांडणं, तीन-बीतल्या बाळाचं रडणं, दोन-बीमधल्या म्हातारीचा रेडिओ. मी पाश्कला मोठ्या ऐटीत सांगायचो, ‘पाद्र्याला कळत नाही तेवढं मला कळतं, लेका.’ आवाज खालूनही वर जात असेल, हे एकोणीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

पाश्क हा माझा आतेभाऊ. दोन गल्ल्या पलीकडच्या बिल्डिंगचा सुपर. पाइपाच्या कामात माझ्यापेक्षा हुशार, आणि ते विसरू न देण्यात त्याहून हुशार.

त्या जानेवारीत परतीचा पाइप सडला. बॉयलरमधलं पाणी रोज कमी व्हायला लागलं आणि जमिनीलगत गंजाचं तळं साचलं. मी शनिवारची नोटीस लावली, ‘सकाळी नऊ ते दुपारी चार वाफ बंद.’ लिफ्टमध्ये लावली, दारात लावली, आणि लिपकिनसाहेबांच्या दाराखालून एक वेगळी सरकवली. पाश्क आठ वाजता आला. द्रानेने कागदात गुंडाळून ब्युरेक दिला होता, पापुद्र्यांचा, चीज भरलेला, गरम.

काम सुरुवातीपासून आडवं गेलं. जुने जोड पान्याने हलेनात. मग एका बाजूला एक हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसरा हाणायचा आणि जोड फोडायचा, अशी सगळी मारामारी. अंगावर काळं पाणी उडालं. नवा पाइप अर्धा इंच आखूड निघाला.

“मोजलं कोणी होतं?” पाश्क म्हणाला.

“तू.”

“मग मोजपट्टी चुकीची असणार. माझं माप चुकत नाही.”

माझं डोकं तापलं होतंच. बाहेर उणे नऊ, वर त्रेचाळीस घरं गार, आणि हा मोजपट्टीला नावं ठेवतोय. तेवढ्यात ठोके सुरू झाले.

ठक, ठक, ठक. मग थांबले. पुन्हा ठक, ठक, ठक.

“बी लाइन,” मी म्हणालो. “आला लिपकिन.”

“नोटीस वाचता येत नाही का त्याला?”

“वाचतो की. वाचतो, मग चष्मा पुसतो आणि ठोकायला बसतो.”

आम्ही काम करत राहिलो. ठोके थांबेनात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आता मी तुम्हाला खरं सांगतो, कारण सांगायचं तेच आहे. हे ठोके लिपकिनसारखे नव्हते. लिपकिन ठोकतो ते सलग, चिडून, दम लागेपर्यंत. हे तीन होते, मग थांबून, मग तीन. कोणीतरी ठोकून कान देत असावं, असे. ते माझ्या ध्यानात आलं होतं. एकोणीस वर्षं या पाइपांचा आवाज ऐकलेल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही का? पण ध्यानात येऊनही मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मला लिपकिनच हवा होता. चिडायला कोणीतरी लागतं.

पाना सटकला आणि माझ्या बोटांची सालं निघाली. मी उठलो, दोन हाती पाना उचलला आणि बी लाइनच्या पाइपावर जीव खाऊन हाणला. एक, दोन, तीन. आणि आमच्या भाषेत ओरडलो, “मर एकदाचा!”

ठोके थांबले. एकदम.

पाश्क हसायला लागला. “कळलं बरं का त्याला! ही भाषा कळते!” मग त्याने डोळे बारीक करून, नाक वर करून, लिपकिन पाइपाला कान लावून घाबरून उडी मारतो तशी नक्कल केली. मला हसू आवरेना. तळघर आमच्या हसण्याने दणाणलं. आम्ही ब्युरेक कागदातून सोडवला आणि तिथेच उलट्या बादल्यांवर बसून खाल्ला. ब्युरेक अजून कोमट होता.

पाइप साडेचारला जोडून झाला. बॉयलर पेटवला, जोड कोरडे आहेत हे पाहिलं, पाश्कला निरोप दिला. मी तळमजल्यावरच्या आमच्या घराकडे वळलो तर पुढच्या दारातून मिस्टर लिपकिन आत येत होते. हातात बॅग, टोपीवर बर्फ.

“काय झेफ, आली का वाफ?” ते म्हणाले. “तीन दिवस मुलीकडे न्यू जर्सीला होतो. तिच्याकडे इतकं गरम, की झोप नाही लागली मला. सुटलो एकदाचा.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बॅगेवर बसचं तिकीट अजून अडकवलेलं होतं.

“काय झालं?” ते म्हणाले. “तोंड का असं केलंस?”

“काही नाही. थकलोय.”

मग सकाळी कोण ठोकत होतं?

हा प्रश्न मला तिथेच, लिफ्टसमोर पडला. स्पष्ट पडला. बी लाइनला सहा घरं. सहा बेल वाजवायच्या, दहा मिनिटांचं काम. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलाही होता. पण बोटं ठणकत होती, कपडे ओले होते, आणि दाराच्या फटीतून द्रानेच्या राजम्याच्या रश्शाचा वास येत होता. म्हटलं, असेल दुसरं कोणीतरी थंडीने वैतागलेलं. आता वाफ आली आहे, गप्प होतील. पाय खाली घेतला, आत गेलो, हात धुतले आणि जेवायला बसलो. दोनदा वाढून घेतलं.

रविवारी सकाळी अकराला दारावर यारित्सा उभी. दोन-बीमधल्या दोन्या एल्पिदियाची भाची. म्हातारीला आख्खी बिल्डिंग मानाचं ‘दोन्या’ लावूनच हाक मारते. नुसतं नाव घेतलं तर ती ऐकू न आल्यासारखं करते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पोर्तो रिकोची, नवरा गेल्यावर बावीस वर्षं एकटी राहणारी. भाडं पहिल्या तारखेला, पाकिटावर माझं नाव घोटीव अक्षरात.

“मिस्टर झेफ, तीया चर्चमध्ये मासला आली नाही,” यारित्सा म्हणाली. आत्याला ती ‘तीया’ म्हणते. “फोन उचलत नाही. तुमच्याकडे किल्ली आहे ना?”

किल्ल्यांच्या जुडग्यातून दोन-बीची किल्ली मला सापडेना. रोजची किल्ली, पण सापडेना. माझ्या हाताला आधीच कळलं असावं.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती, भिंतीशी, उभ्या पाइपाला लागून. एक खुर्ची कलंडलेली. वरच्या फडताळाचं दार उघडं. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आडवं पडलेलं. घर गार झालं की ते भरून पाणी उकळत ठेवायची, वाफेने खोली जरा ऊबदार होते, सगळेच करतात. मी वाफ बंद केली म्हणून ती खुर्चीवर चढली होती. हातात पातेल्याचं झाकण अजून होतं. आणि पाइपावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढऱ्या रंगाचे टवके उडून खालचं काळं लोखंड दिसत होतं. तेवढ्या जागेवर ती किती वेळ ठोकत असेल!

तिने डोळे उघडले. यारित्साकडे नाही, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“आलास,” ती म्हणाली. ओठ सुकून चिकटले होते. “यारित्सा, याने ऐकलं होतं. मी ठोकलं, याने खालून उत्तर दिलं. तीन ठोके. म्हणून मी थांबले.”

यारित्साने मला मिठी मारली. रडत माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणत राहिली, “देव तुमचं भलं करो, देव तुमचं भलं करो.”

तोंड उघडायची वेळ ती होती. दोन वाक्यांचं काम. म्हातारी जमिनीवरून माझ्याकडे बघत होती, आणि मी तोंड उघडलं ते म्हणायला, “ॲम्ब्युलन्सला फोन करतो.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग दोन महिने चालायला शिकवणाऱ्या आश्रमात. आणि इकडे गोष्ट बिल्डिंगभर चढली. तीन-बीमधलं जोडपं म्हणालं, “आम्हीसुद्धा ऐकले ठोके, पण तुम्हीच म्हणता ना, जुने पाइप ठोकणारच. आम्हाला काय माहीत. तुमचा कान म्हणून कळलं.” माझा कान! बॉयलर बंद असताना पाइप ठोकत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. लिपकिनसाहेबांनी दाराशी येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. “आयुष्यभर तुला शिव्या दिल्या, झेफ. परत घेतो.” मी म्हटलं, “राहू द्या, ठेवा.” त्यांना तो विनोद वाटला.

पाश्कने कळस केला. आमच्या लोकांच्या कॉफीच्या दुकानात त्याने हीच गोष्ट रंगवून सांगितली, आणि तिथे बसणारे म्हातारे माना डोलवून म्हणाले, “शब्द दिला आणि राखला. आपल्या माणसाचं हेच.” आमच्यात दिलेल्या शब्दापुढे दुसरं काही नाही. त्यासाठी माणसांनी घरं सोडली आहेत. मी पाश्कला बाहेर ओढलं.

“तू तिथे होतास,” मी म्हणालो. “तू हसत होतास.”

“हसत तर तूही होतास.” त्याने सिगरेट पेटवली. “हे बघ, म्हातारी जगली. तिला बरं वाटतंय, लोकांना बरं वाटतंय. तुझं काय बिघडलं? तोंड मिटून कॉफी पी.”

त्या रविवारच्या दुसऱ्याच सकाळी मी तुटक्या पट्ट्याच्या जागी नवा बसवला होता. पंचवीस मिनिटं लागली. पाइप पुन्हा उतारावर आला आणि बी लाइन कायमची शांत झाली. त्या शांततेचंही लोकांनी कौतुक केलं.

मार्चमध्ये द्रानेने फ्लिया केली, पातळ घावनांच्या थरावर थर लावून, दोन तास निखाऱ्याशी न उभी राहता आमच्या ओव्हनमध्ये, आणि मला ती घेऊन आश्रमात पाठवलं. दोन्या एल्पिदिया खिडकीशी खुर्चीत बसली होती. यारित्सा आणि एक नर्स बाजूला. नर्स म्हणाली, “हेच का ते ठोकेवाले?”

“हेच,” म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “झेफ, मला एकच कळलं नाही. तू उत्तर दिलंस, आणि मग वर आलाच नाहीस. पाइपाचं काहीतरी मोठं बिघडलं असेल ना?”

बघा, दार तिने उघडून धरलं होतं. मी त्यातून पळालो.

“हो,” मी म्हणालो. “पार सडला होता. सोडून येता येईना. मला वाटलं कोणीतरी वर गेलं असेल.”

एका खोट्यावर दुसरं, आणि तेही पाइपावर ढकललेलं. माझे कान तापले.

“असेल,” ती म्हणाली. फ्लियाचा तुकडा तोंडात टाकला. “छान झालीय. द्रानेला सांग.”

घरी आल्यावर द्रानेने विचारलं, “काय म्हणाली?”

“छान झालीय म्हणाली.”

“मग तोंड का सुतकातलं? दोन महिने बघतेय. लोक डोक्यावर घेतात आणि हा मान खाली घालून चालतो. कौतुकसुद्धा पचत नाही तुला.”

एप्रिलमध्ये दोन्या एल्पिदिया वॉकर घेऊन परत आली. मी तिची फडताळं खाली आणून बसवली, बाथरूमला दांडे लावले, नळ बदलला. ती दर वेळी “थँक्यू, झेफ” म्हणायची आणि कॉफी द्यायची. कॉफी मी उभ्यानेच प्यायचो. तिच्यासमोर बसवत नसे.

नोव्हेंबर आला. बॉयलर पेटवला. पहिल्या आठवड्यात नेहमीचा गोंधळ होतो, कोणाचा रेडिएटर तापत नाही, कोणाचा पाणी थुंकतो. लिपकिनसाहेबांनी तालीम सुरू केली. चार-बी, सहा-बी, सगळ्यांनी ठोकलं, मी धावलो. दोन-बीतून काही आवाज नाही. मी मनात म्हटलं, चला, तिच्याकडे सगळं ठीक आहे.

काल शुक्रवारी तिचं एक पार्सल खाली आलं होतं, ते द्यायला वर गेलो. तिने दार उघडलं तर अंगात ओव्हरकोट, डोक्यावर लोकरी टोपी, हातात मोजे. म्हटलं बाहेर निघाली असेल. आत पाऊल टाकलं आणि घर बर्फासारखं.

“हे काय! रेडिएटर बंद?”

“तापत नाही.”

“कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“मंगळवार! आज शुक्रवार आहे, दोन्या! चार दिवस तुम्ही कोट घालून बसलात? मग ठोकायचं नाही का?”

तिने पार्सल टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली.

मी रेडिएटरपाशी गुडघे टेकले. बिघाड फुटकळ होता. रेडिएटरच्या कडेला हवा सोडणारी छोटी टोपी असते, ती चोंदली की आतली हवा बाहेर जात नाही आणि वाफ आत येत नाही. खिशात नवी टोपी होतीच. दोन मिनिटांत बसवली. माझ्या डोळ्यांसमोर तो पाइप होता. टवके उडालेली जागा तशीच, मी एप्रिलमध्ये सगळं रंगवलं, ती जागा सोडून. तिथे ब्रश नेववला नव्हता.

“दोन्या,” मी पाइपाकडे बघतच विचारलं, “का नाही ठोकलंत?”

“ठोकलं की तू उत्तर देतोस,” ती म्हणाली.

माझा हात तिथेच थांबला.

“खालचं सगळं ऐकू येतं रे या भोकातून,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुमची भाषा मला कळत नाही. हसणं कळतं.”

रेडिएटर फुसफुसायला लागला. त्या आवाजाचा मला आधार वाटला. पण तोही थोड्या वेळाने बंद झाला.

“मग तुम्ही सगळ्यांना तसं का सांगितलंत?” मी कसंबसं विचारलं. “यारित्साला, नर्सला, सगळ्यांना... मला वाचवायला?”

“तुला?” ती एकदम माझ्याकडे वळली. “तुला कशाला वाचवू? मी तिथे पडले होते, स्कर्ट वर गेलेला, ओली झालेली. कितीतरी वेळ झाकण आपटलं. आणि खाली दोन माणसं हसली. हे मी माझ्या भाचीला सांगू? म्हातारी ठोकत होती आणि लोक हसत होते, असं? लाज वाटली मला. माझीच मला लाज वाटली, झेफ. म्हणून म्हटलं, याने उत्तर दिलं. तसं म्हटलं की जरा बरं वाटतं.”

लाज माझी. ती दहा महिने हिने अंगावर घेतली होती, आणि मी टाळ्या घेतल्या होत्या. मी गुडघ्यांवरच वळलो आणि सगळं सांगितलं. लिपकिन समजून मारलं ते. ठोके वेगळे आहेत हे कळलं होतं ते. संध्याकाळी लिपकिनची बॅग दिसली, पायरीवर पाय ठेवला, काढून घेतला, ते. रस्सा दोनदा वाढून घेतला, तेही.

बॅगेचं ऐकल्यावर तिने डोळे मिटले. तेवढं तिला माहीत नव्हतं.

“म्हणजे पाच वाजता,” ती म्हणाली. “पाच वाजता तुला कळलं होतं.”

“हो.”

“पाच वाजता पाइप गरम झाला. पुन्हा ठोकावंसं वाटत होतं, पण हात जवळ नेववेना.” मग म्हणाली, “त्या दिवशी दार उघडलंस, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते, तू काही बोलशील म्हणून. आश्रमात पुन्हा विचारलं. तू पाइपाचं सांगत बसलास.”

“माफ करा,” मी म्हणालो. इतका हलका शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेल.

तिने माफ केलं असं म्हटलं नाही. खोली तापायला लागली होती. तिने मोजे काढले, टोपी काढली, कोटाची बटणं एकेक करून सोडली. मी कोट घ्यायला हात पुढे केला. तिने तो स्वतःच खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“रविवारी यारित्सा जेवायला येते,” ती म्हणाली. “तिला सांग. सगळं सांग, माझा स्कर्ट सोडून. मी सांगणार नाही, मी एकदा सांगून बसलेय. तू सांग, मग मी ठोकेन.”

काल रात्री द्रानेला सांगितलं. तिने ताट पुढे ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत गेली. सकाळी पाश्कला फोन केला. तो म्हणाला, वेडा झालास का. मी फोन ठेवला.

आज शनिवार. उद्या दुपारी दोन-बीच्या दारात उभं राहून, ज्या पोरीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं तिला मला हे सगळं सांगायचं आहे. आधी एकदा तोंडातून निघतं का बघावं, म्हणून तुम्हाला सांगितलं.